रब्बीची पिके ठरवण्याआधी शेजारच्या विहिरींचे पाणी एकत्र मोजावे

परतीचा पाऊस ओसरू लागला की पुणे जिल्ह्यातील पुरंदर, बारामती, शिरूर आणि इंदापूर तालुक्यांच्या विहीर-बागायती पट्ट्यांत कोण काय पेरणार, याची चर्चा सुरू होते. मात्र ओढ्याकाठच्या सगळ्या विहिरींत मिळून पाणी किती आहे, हे पाहूनच पीक ठरवणे हिताचे आहे. आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी साठते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि त्याखालच्या भेगांत. हा साठा मर्यादित असतो आणि लगतच्या विहिरींना बहुधा एकाच थरातून पाझर मिळतो. त्यामुळे शेजाऱ्याने दोनशे फूट बोअर घेतली म्हणून आपण तीनशे फूट घेतल्याने पाऊस जास्त मुरत नाही. तेच पाणी लवकर उपसले जाते आणि दोघांवर कर्ज तेवढे चढते.

मोजणी सोपी आहे. तीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट उंचीचे पाणी म्हणजे सुमारे २० हजार लिटर होते, तर एक एकराला पाच सेंटीमीटर उंचीच्या पाण्याची एक पाळी, म्हणजे एकदाचे भिजवणे, द्यायला सुमारे दोन लाख लिटर लागतात. म्हणजे एका पाळीला त्या विहिरीतले दहा फूट पाणी खर्ची पडते. पाझर जोखण्यासाठी संध्याकाळी मोटार बंद करून दोरीला दगड बांधून पातळीची खूण करावी आणि सकाळी पाणी किती चढले ते पाहावे. मात्र त्या रात्री शेजारच्या सगळ्या मोटारी बंद असाव्यात, अन्यथा आकडा फसवा येतो. ही एक रात्र ठरवण्यासाठी जे बांधावर एकत्र बसतील, त्यांना पुढच्या पाळ्या ठरवणेही जड जाणार नाही. भावकीच्या सामायिक विहिरीवर पाळीने पाणी घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ती आता स्वतंत्र विहिरींनाही लागू करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर याच जिल्ह्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे काम उभे केले. तेथे पाण्याचा हक्क जमिनीच्या आकारावर न ठरता घरातील माणसांवर ठरला, भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि उसाला त्या पाण्यातून वगळण्यात आले. हे निर्णय कटू होते, पण पाणी जेवढे आहे तेवढेच आहे, हे मान्य केल्याशिवाय वाटप न्याय्य होत नाही.

हिशेबात पाणी कमी भरले, तर हलक्या व मध्यम जमिनीत रब्बी ज्वारीची पेरणी १५ ऑक्टोबरपर्यंत उरकावी. बागायती हरभरा २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात पेरावा. त्याला फुलोरा येताना आणि घाटे भरताना अशा दोन बेताच्या पाळ्या मध्यम जमिनीत बहुधा पुरतात; जादा पाणी दिल्यास पीक उभळून वाया जाण्याचा धोका असतो. वेळेवर पेरलेल्या गव्हाला यापेक्षा बऱ्याच जास्त पाळ्या लागत असल्याने तो सर्वांनी मिळून ठरवलेल्या क्षेत्रापुरताच ठेवावा.

हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीचा पतंग बांध पाहून थांबत नाही, म्हणून नर पतंगांना गंधाने ओढून पकडणारे कामगंध सापळेही शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात, हेक्टरी पाच या प्रमाणात लावावेत. हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळून पेरल्यास तिच्या ताटांवर बसून पक्षी अळ्या टिपतात. त्यामुळे ही ताटे खुरपणीत काढू नयेत. अळ्या लहान असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा.

जानेवारीत पुन्हा सर्व विहिरींची पातळी मोजावी. ती अपेक्षेपेक्षा खाली गेलेली आढळल्यास उन्हाळी भुईमूग व चाऱ्याचे क्षेत्र तेव्हाच कमी करावे आणि जनावरांच्या व पिण्याच्या पाण्यासाठी एक विहीर उपशातून वगळून राखीव ठेवावी.