जुन्या पिकअपच्या हौद्यात सरकणारा कॅम्पर असा पक्का बसवला

ब्रेक मारला की कॅम्पर, म्हणजे हौद्यात ठेवलेली राहण्याची छोटी खोली, पुढे सरकून हौद्याच्या भिंतीवर आदळायचा. दोर, रॅचेट पट्टे, हौद्याच्या काठाला हुक, सगळं करून झालं. काठाचा पत्राच वाकला, हुकाभोवतीचा रंग तडकून आतला गंज दिसू लागला. जीव मेटाकुटीला आला होता.

शेवटी जमलं ते असं. आधी रिकाम्या हौद्यात जाड रबरी मॅट. मग पुढच्या भिंतीला आडवा सागवानी ठोकळा, म्हणजे सरकायला जागाच नाही. त्यानंतर चार ब्रॅकेट थेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, नटबोल्टने; वेल्डिंग अजिबात नको, चेसिस कमकुवत होते. मग कॅम्परच्या चार कोपऱ्यांपासून ब्रॅकेटपर्यंत टर्नबकल, म्हणजे फिरवून ताण वाढवायचे स्क्रू: पुढचे दोन पुढे-खाली, मागचे दोन मागे-खाली तिरपे. कोपऱ्याकोपऱ्याने आलटून-पालटून आवळा, सैल होऊ नयेत म्हणून लॉकनट लावा. रबर दबतं, म्हणून वीसेक किलोमीटरवर पुन्हा ताण बघा. पेंचच्या जंगलात जाताना मी वाटेतल्या कन्हान गावी थांबून बघतो.