रीफ टँकचे फोटो कसे काढावेत आणि त्याच फोटोंवरून टँकची तब्येत कशी ओळखावी

गेल्या पावसाळ्यात माझ्या रीफ टँकमधले, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, कोरल (प्रवाळ) ठेवायच्या टाकीतले मश्रूम कोरल पांढरे पडत होते आणि नेमके त्याच दिवसांत माझे फोटो सगळ्यात भारी येत होते. झालं असं की निळ्या लाईटमध्ये फोटो नीट येईनात म्हणून मी टँकच्या लाईटचा पांढरा चॅनेल २० टक्क्यांवरून थेट ८० वर नेला, पाच मिनिटांसाठी म्हणून, आणि परत खाली आणायचा साफ विसरले, चार दिवस तसाच. फोनचा ऑटो मोड इतका लाघवी की फिकट पडलेला रंग पण स्वतःच गडद करून दाखवायचा, त्यामुळे बहिणीला फोटो पाठवला की "वॉव" यायचं आणि इकडे मश्रूम आक्रसत चाललेले. कोरलचा तपकिरी रंग मुळात त्याच्या आत राहणाऱ्या एकपेशीय शेवाळाचा, झोझँथेलीचा, आणि लाईटचा अचानक मारा झाला की कोरल ते शेवाळ बाहेर टाकतं. दीड महिन्याने सावरले सगळे, एक सोडून.

फोटो चांगला यायला जे लागतं, म्हणजे स्वच्छ काच, लाईट कळणं, एकाच जागी बसून बघत राहणं, तेच टँक सांभाळायला पण लागतं, हे मला त्या एका मश्रूमने शिकवलं. टँक माझा दोन फुटी, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये, आणि त्यात झोअँथिड (बटणासारखे छोटे कोरल), मश्रूम, एक लेदर कोरल आणि क्लाऊनफिशची जोडी, बस. दगडी प्रवाळ, म्हणजे कडक सांगाड्याचे कोरल, नाहीत, कारण २००१ पासून ते आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला, तेव्हा दुकानदार काहीही सांगू दे, घ्यायचे नाहीत.

आधी काच

फोटो काढायच्या आदल्या रात्री मॅग्नेट स्क्रेपरने आतली काच घासा. त्याच दिवशी घासलीत तर सगळा कचरा पाण्यात तरंगतो आणि फोटोत थंडीतल्या धुक्यासारखं दिसतं. बाहेरून ओल्या मायक्रोफायबरने पुसा, मिठाचे पांढरे ओघळ आणि मुलांच्या बोटांचे ठसे दोन्ही जातात. खायला फोटो झाल्यावर घाला, आधी नाही.

हॉलमधले सगळे दिवे बंद, टीव्ही पण बंद, पडदा ओढलेला. फ्लॅश तर नकोच. लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात गेलो होतो तेव्हा बाबांनी फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत मासा कुठेच नाही, एक पांढरा गोळा आहे आणि काचेला चिकटलेलं माझं नाक आहे.

लेन्स काचेला शक्यतो टेकवूनच धरा आणि अगदी सरळ, काटकोनात. तिरका धरला की काच आणि पाणी मिळून प्रकाश वाकवतात, कडांना रंगाच्या रेघा येतात आणि फोकस कितीही केला तरी फोटो मऊच येतो. नवीन लोकांचे निम्मे फोटो इथेच बिघडतात आणि ते बिचारे फोनला शिव्या घालतात.

मग पंप

वेव्हमेकर (टँकमध्ये लाटा करणारा पंप) बंद करा, नाहीतर झोअँथिड डोलत राहतात आणि फोटो हलतो. वरून फोटो काढायचा असेल तर रिटर्न पंप (खालच्या टाकीतून पाणी वर आणणारा) पण बंद करावा लागतो, पण मग वरचं पाणी संपमध्ये, म्हणजे त्या खालच्या टाकीत, उतरतं, तेव्हा संपमध्ये तेवढी जागा आहे ना ते आधी बघा, आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) पण बंद ठेवा नाहीतर संपची लेव्हल वाढली की तो फेस ओकतो आणि फरशी पुसत बसावं लागतं. पंप बंद करण्याआधी फोनवर दहा मिनिटांचा अलार्म लावा. आधी, नंतर नाही. मी एकदा फोटो बघण्यात रमले, दोन तासांनी गेले तर दोन्ही क्लाऊन वर येऊन तोंड उघडझाप करत होते.

वरून बघायला सपाट बुडाचा काचेचा बाऊल पाण्यावर दाबून धरला आणि त्यातून फोटो काढला तर पंप बंद पण करावा लागत नाही. कोरलचा खरा रंग वरूनच दिसतो, लाईटकडे तोंड करून बसलेलं असतं ना ते.

निळा रंग, म्हणजे खरी डोकेदुखी

रीफच्या एलईडीत साधारण ४२० ते ४६० नॅनोमीटरचा निळा भरपूर असतो, त्याच्यावरच कोरल हिरवं-केशरी चमकतं. आपला डोळा या निळ्याला सरावतो, कॅमेरा सरावत नाही, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (फोनचं आपोआप रंग जुळवणं) एक तर सगळं शाईत बुडवतो नाहीतर मनाने काहीतरी लावून देतो. प्रो मोडमध्ये जा आणि केल्विन, म्हणजे व्हाइट बॅलन्सचा आकडा, हाताने वर न्या, बऱ्याच फोनमध्ये ते १०,००० ला संपतं, तिथेच ठेवा. तरीही निळं दिसलं तर लेन्सवर केशरी फिल्टर लागतो. तो आणेपर्यंत मी आकाशकंदिलाचा उरलेला केशरी जिलेटीन पेपर लावला होता, फोटो जरा मऊ आला पण निळा बराच कापला.

एक्स्पोजर थोडं खाली ओढा, उणे ०.७ च्या आसपास, कारण निळा आधी फुटतो आणि मग पॉलिप्सच्या (कोरलच्या फुलासारख्या छोट्या तोंडांच्या) जागी नुसता चमकणारा डाग उरतो. कोरलला शटर १/१०० चालतं, माशाला १/२०० तरी लागतं. फोटोवर आडवे काळे पट्टे आले तर फोन खराब नाही, मंद केलेला एलईडी डोळ्याला न दिसणाऱ्या वेगाने लुकलुकत असतो, शटर हळू करत जा, पट्टे जातात. कॅमेरा असेल तर १०० मिमी मॅक्रो, एफ ८, आणि ट्रायपॉड. पण फोनवरही भागतं हो, लेन्स नंतर घ्या, आधी स्किमर चांगला घ्या.

रविवारचा फोटो

ही पायरी सोडू नका, बाकी सोडलीत तरी चालेल. दर रविवारी, त्याच वेळी (मी संध्याकाळी ५ ला काढते, तेव्हा सगळे पॉलिप्स उघडलेले असतात), त्याच जागेवरून, तेच केल्विन, तेच आयएसओ, तेच शटर. जमिनीवर ट्रायपॉडच्या पायांच्या जागी चिकटपट्टीच्या तीन खुणा केल्यात, सासूबाईंनी दोनदा पुसताना काढल्या, आता त्यांना माहितीये. आणि फ्रेममध्ये कोरलच्या शेजारी आईस्क्रीमचा पांढरा प्लॅस्टिक चमचा उभा करते. चमचा दर आठवड्याला तसाच पांढरा दिसायला हवा. चमचा निळसर दिसला तर सेटिंग हललंय, चमचा तसाच आहे आणि मश्रूम फिकट आहे तर मश्रूमलाच काहीतरी झालंय. फोटो झाला की चमचा काढून धुवायचा, आत राहिला तर आठवड्यात हिरवा होतो आणि मग काय कामाचा. या फोटोंना एडिट अजिबात करायचं नाही, दाखवायचे फोटो वेगळे.

फोटोसोबत वहीत त्या दिवशीचे आकडे लिहा. माझे साधारण ग्रॅव्हिटी (खारेपणाचं माप) १.०२५, तापमान २६, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८ ते ९ डीकेएच. नुसते आकडे वाचून काही कळत नाही आणि नुसता फोटो बघूनही नाही, पण दोन्ही शेजारी ठेवले की "अरे, एप्रिलमध्ये तापमान २९ ला गेलं तेव्हापासून हा कोपरा मिटलाय" असं दिसायला लागतं.

मध्यंतरी लेदर कोरल मिटलं, पॉलिप्स आत, अंगावर मेणासारखी तकतकीत साय. पहिल्या वर्षी असं झालं होतं तेव्हा मी घाबरून एकदम निम्मं पाणी बदललं होतं आणि त्याला अजून त्रास दिला होता. या वेळी जुने रविवार काढून बघितले तर नोव्हेंबरमध्ये हेच, पुढच्या रविवारी अर्धी साय सुटलेली, त्याच्या पुढच्या रविवारी पूर्ण फुललेलं आणि आधीपेक्षा बोटभर मोठं. कात टाकत होतं म्हणजे. वेव्हमेकरचं तोंड थोडं त्याच्याकडे वळवलं आणि सोडून दिलं. आठव्या दिवशी साय सुटून पंपाच्या जाळीत अडकली, ती चिमट्याने काढली आणि मग रविवारचा फोटो.