इंग्लंडमध्ये लेकराला शाळा नाकारली तर अपील कसं करायचं (उदगीर-नांदेडकडच्या नवीन मंडळींसाठी)

गेल्या महिनाभरात आपल्याकडच्या तीन-चार घरांनी हेच विचारलं म्हणून एकदाच नीट लिहितो. घर भाड्यानं घेतलं, काउन्सिलकडं (म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडं) लेकरांच्या शाळेचा फॉर्म भरला आणि पत्र आलं की जवळच्या शाळेत जागा नाही, दोन मैलांवरची घ्या. अशा वेळी मिळालेली जागा सोडू नका. ती घेऊनही अपील करता येतं, अपिलाला पैसे लागत नाहीत, आणि नाकारलेल्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर पण नाव लावून ठेवा. हे फक्त इंग्लंडचं सांगायलोय, स्कॉटलंड-वेल्सचं वेगळं आहे.

आपण लातूर पॅटर्नच्या मुलखातली माणसं, मार्कांवर आपला लई भरवसा. मी पण पहिल्यांदा थोरलीची गुणपत्रिका, स्कॉलरशिपचं सर्टिफिकेट, सगळं जोडून तीन पानं लिहिली होती आणि त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. अपील ऐकणारे निदान तीन जण असतात, ते त्या शाळेच्या किंवा काउन्सिलच्या कारभारातले नसतात, त्यामुळं ओळख काढून पण उपयोग नाही. ते आधी बघतात की प्रवेशाचे नियम बरोबर लावले का. लावले असतील तर मग तोलतात, आणखी एक लेकरू घेतल्यानं शाळेची अडचण मोठी का न घेतल्यानं लेकराचं नुकसान मोठं. म्हणून शाळा किती चांगली ते लिहू नका, तुमच्या लेकराला तीच शाळा काहून लागते ते लिहा, आणि प्रत्येक गोष्टीला कागद जोडा.

आमची थोरली तेव्हा इयर फोरला होती, एका कानानं तिला कमी ऐकू येतं. त्या शाळेत अशा लेकरांना शिकवायचा अनुभव असलेल्या बाई होत्या, तर दुसऱ्यांदा मी डॉक्टरचं पत्र लावलं आणि फक्त तेवढंच एक पान लिहिलं. सुनावणीत शाळेला प्रश्न विचारायचा हक्क असतो, तो सोडू नका. आम्ही विचारलं की एका वर्गात घ्यायची ठरलेली संख्या 30 आहे तर बाकी कुठल्या वर्गात जास्त आहेत का, तर वरच्या एका वर्गात 32 होती. थोरलीचं अपील मंजूर झालं.

धाकट्याचं मात्र हरलो. रिसेप्शन (इयर वनच्या आधीचा वर्ग), इयर वन आणि इयर टू या वर्गांत एका शिक्षकामागं 30 च लेकरं असा कायदाच आहे, आणि वर्ग भरलेला असला की तिथं घरची अडचण सहसा चालत नाही. नियम चुकीचा लावला म्हणून जागा गेली, नियमच बेकायदा होता, किंवा निर्णय अगदीच अवाजवी होता, असं काही दाखवावं लागतं. आमच्याकडं तसं काही नव्हतं, लेकराला दोन बस बदलून न्यायचो, बायको रोज सकाळी रडकुंडीला यायची. पण वेटिंग लिस्ट कधी नाव लावलं त्यावर चालत नाही, शाळेच्या नियमांवर चालते, आणि बऱ्याच शाळांत भाऊ-बहीण आधीच तिथं असले तर नंबर वर जातो. थोरली आत गेल्यावर धाकट्याचा नंबर वर सरकला आणि एक कुटुंब गाव सोडून गेलं तेव्हा त्याला जागा मिळाली. दोन लेकरं असतील तर इयर थ्री किंवा त्याच्या वरच्या वर्गातल्या लेकराच्या अपिलावर आधी जीव लावा, असं माझं मत आहे.

नकाराच्या पत्रात शेवटची तारीख असते, तयारीला निदान 20 दिवस मिळतात पण ते शाळेचे दिवस, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून. वर्षाच्या मधीच अर्ज केला असेल तर अपील दिल्यापासून 30 शाळेच्या दिवसांत सुनावणी व्हायला पाहिजे. इंग्रजी बोलायला अवघड जात असेल तर अपिलाचं कामकाज बघणाऱ्या क्लार्कला आधीच कळवून दुभाषी मागा, आणि आईला बोलू द्या, लेकराचं रोजचं तिला जास्त माहीत असतं. निकालाचं पत्र साधारण 5 शाळेच्या दिवसांत येतं, तोवर मिळालेल्या शाळेत पोराला रोज पाठवत राहा, घरी बसवू नका.