शहराजवळ दुर्मीळ पक्षी दिसला तर नोंद कशी करावी

पक्षी समोर आहे आणि मनात एक दुर्मीळ नाव आलंय. बहुतेक नोंदी इथेच बिघडतात, कारण नाव एकदा डोक्यात बसलं की डोळे त्याला जुळणाऱ्याच खुणा शोधतात. म्हणून पुस्तक किंवा अ‍ॅप उघडण्याआधी जे दिसतंय ते वहीत उतरवा.

आकार शेजारच्या ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करून लिहा. ‘साळुंकीएवढा, पण पाय लांब’ हे ‘साधारण २५ सेंमी’पेक्षा कितीतरी भरवशाचं. मग चोच डोक्याच्या मानाने केवढी, भुवई (डोळ्यावरची फिकट रेघ) डोळ्याच्या किती मागे जाते, पंखावरचे पट्टे, कंबर, शेपटीच्या कडा, पायांचा रंग आणि आवाज. एखादा भाग दिसला नसेल तर ‘दिसला नाही’ असंच लिहा. नंतर आठवून भरलेली खूण ही पुस्तकातल्या चित्राची असते, पक्ष्याची नव्हे.

फोटो आधी उभ्या जागेवरूनच घ्या, मग जवळ जायचा विचार करा. अस्पष्ट असले तरी चालतील, पण बाजूने, मागून आणि उडताना असे वेगवेगळे हवेत. पक्ष्यामागे उजळ आकाश असेल तर एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) कॅमेऱ्यात १ ते १.५ स्टॉपने वाढवा, नाहीतर हातात फक्त काळी सावली येते. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असू द्या. आवाज फोनवर रेकॉर्ड करताना निदान अर्धा मिनिट गप्प राहा. आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. थकून उतरलेल्या स्थलांतरिताची शक्ती त्यात वाया जाते.

आता शंका घ्यायची. आधी नेहमीच्या पक्ष्याला बाद करा. ठिपकेवाली तुतारी आणि हिरवी तुतारी हे पाणथळीतले पक्षी दुरून सारखेच वाटतात, पण उडाल्यावर हिरवीच्या पंखाची खालची बाजू जवळजवळ काळी दिसते, ठिपकेवालीची फिकट. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा या चिखलातल्या लहान पक्ष्यांत पाय बघायचे: छोट्याचे काळे, टेमिंकचे पिवळट. इथे चिखल घात करतो, वाळलेल्या चिखलाने पिवळे पायही काळे दिसतात. अशा वेळी पक्षी उडेपर्यंत थांबा. टेमिंकच्या शेपटीच्या कडा पांढऱ्या असतात. हॅरियर या शिकारी पक्ष्याच्या मादीत पंखाच्या टोकाची सुटी ‘बोटं’, म्हणजे सुटी दिसणारी पिसं, मोजा. हेन हॅरियरला पाच, पॅलिड आणि माँटेग्यूला चार. मोजण्यासाठी फोटोच लागतो, नुसत्या नजरेवर भिस्त नको.

शहरालगत आणखी दोन फसवणुका हमखास होतात. पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी: शेपटीची पिसं झिजलेली किंवा तुटलेली, पायात कडं, माणसाची भीती कमी. आणि रंगद्रव्याच्या कमतरतेमुळे अंगावर पांढरे डाग असलेला साधाच पक्षी. त्यात सायंकाळचं पिवळं ऊन सगळंच तांबूस करून टाकतं, त्यामुळे रंगावर शेवटी जा, आकार आणि ठेवण आधी.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना पक्ष्याची नेमकी जागा आणि वेळ द्या, आणि टिप्पणीत जवळची जात का नाही ते लिहा. नुसतं ‘नक्की तोच होता’ याचा नोंद तपासणाऱ्याला काही उपयोग नाही. मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपने सुचवलेलं नाव हा पुरावा नव्हे. घरटं असेल किंवा जातीला शिकारीचा, तस्करीचा धोका असेल तर जागा जाहीर करू नका, हे आम्ही फार कळकळीने सांगतो.

दुसऱ्याची ताजी नोंद वाचून निघालात तर नोंद टाकल्याची नव्हे, पक्षी दिसल्याची तारीख बघा. चिखलातले पक्षी पाणी हटेल तसे सरकतात, म्हणून आसपासचा उघडा चिखलही धुंडाळा. मोठे शिकारी पक्षी ऊन तापून हवा वर चढू लागली की घिरट्या घालतात, त्यांच्यासाठी भल्या पहाटे पोहोचून फारसं हाती लागत नाही. थव्यातला प्रत्येक पक्षी एकेक करून तपासा. पक्षी सापडला नाही तरी त्या दिवशी दिसलेल्या सगळ्या जातींची पूर्ण यादी भरा. तो तिथे किती दिवस थांबला हे अशाच याद्यांवरून कळतं.