बाळाचं नाव आडनावाला जोडताना या चुका टाळा

माझ्या भाच्याचं नाव ओम. सुटसुटीत, घरात सगळ्यांना पसंत. आडनाव महाजन. आता फोनवर कुणालाही नाव सांगितलं की पलीकडून हमखास येतं, "ओ महाजन? अहो, पहिलं नाव सांगा ना." नाव ठरवताना आम्ही चांगली चाळीस नावांची यादी केली होती, पण एकही नाव आडनावासकट मोठ्यानं म्हणून पाहिलं नव्हतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि ती कागदावर दिसत नाही. मराठीत नावाच्या शेवटच्या अक्षरातला 'अ' आपण लिहितो, पण उच्चारत नाही. त्यामुळे नाव ज्या अक्षरानं संपतं त्याच अक्षरानं आडनाव सुरू झालं की दोन्ही एकमेकांना चिकटतात. वेद देशमुखचा भरभर बोलताना 'वेदेशमुख' होतो, सागर राऊतचा 'सागराऊत', आकाश शहाचा 'आकाशहा'. स्वरांचंही तेच: मीरा आपटे म्हणता म्हणता 'मीरापटे' होते. बरं, यादीत आडनाव आधी येतं, तेव्हा उलट्या क्रमानंही म्हणून बघा. 'लीला पाटील' बिनतक्रार आहे, पण 'पाटील लीला' म्हणायला गेलात की एक 'ल' गिळला जातो.

यमकाच्या मोहात पडू नका. अवनी सोहनी हे नाव पहिल्यांदा ऐकताना गंमत वाटते, पण ती गंमत मुलीला रोज नव्यानं ऐकून घ्यावी लागते.

लांबीचा तोल मात्र फार ताणू नये. ज्ञानेश्वरी सहस्रबुद्धे लिहिताना फॉर्मवरचे चौकोन संपतात, तिथे ईरा किंवा मही बरी. उलट ओक, शहा, राव अशा आखूड आडनावांमागे मृण्मयीसारखं भरदार नाव शोभतं. 'जय ओक' हाक मारायला सुरुवात करेपर्यंत संपतं. तरी नाव मनापासून आवडलं असेल तर अक्षरं मोजत बसू नका.

अर्थाची गल्लत जास्त बोचते, कारण आपली कितीतरी आडनावं रोजच्या वापरातले शब्द आहेत. शुभ्रा काळे, मधुरा कडू, जागृती झोपे. यातलं एकही नाव वाईट नाही, आडनावही नाही, पण शेजारी बसले की विनोद आपोआप होतो. नुसत्या नावाचा अर्थही इंटरनेटवरच्या यादीवर विसंबून ठरवू नका, शब्दकोश उघडा. शर्वरी म्हणजे रात्र. आता तिच्यापुढे काळे लावून बघा.

आद्याक्षरांकडे कुणी बघतच नाही. मराठीत ती मात्रेसकट लिहितात, पु. ल. किंवा वि. वा. सारखी. पहिलं नाव मुक्ता, मधलं रमेश, आडनाव खरे: मु. र. ख. वर्गातल्या पोरांना एवढं पुरतं. रोमन लिपीतही तपासा. अ, स, स अशी तीन अक्षरं जुळली की इंग्रजीतलं गाढव तयार.

रोमनचा विषय निघालाच आहे तर, काळे हे आडनाव परक्या माणसाला पालेभाजीचं 'केल' दिसतं आणि मोरेचं 'मोअर' होतं. आडनाव असं अडखळवणारं असेल तर नाव तरी सरळ ठेवा. 'ज्ञ' असलेलं नाव रोमनमध्ये मराठी माणूस एका तऱ्हेनं लिहितो, हिंदी भाषक दुसऱ्या, आणि बाकीच्यांची तर जीभच वळत नाही. त, ट आणि द, ड या जोड्या तिथे एकाच अक्षरात कोंबल्या जातात, हेही लक्षात असू द्या.

प्रसिद्ध माणसाचं नाव ठेवायला हरकत नाही, अडचण आडनावही तेच असलं की होते. सचिन तेंडुलकरचं नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं. आडनाव वेगळं होतं म्हणून ते त्याचं होऊ शकलं. आज तेंडुलकरांच्या घरात बाळाचं नाव सचिन ठेवलं तर ते पोर जन्मभर उसनं नाव वागवेल.

आणि 'मुलगी आहे, पुढे आडनाव बदलेलच, कशाला जुळवायचं?' हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. ती बदलेलच असं कुणी ठरवलं? निदान पहिली वीस-पंचवीस वर्षं तरी तिला हेच आडनाव लावायचं आहे ना?

मग तपासायचं कसं? यादीतून दोन-तीन नावं उरली की प्रत्येक नाव जिन्याच्या तळापासून हाक मारून बघा, आडनावासकट फोनवर अनोळखी माणसाला सांगून बघा, घाईघाईत दहादा सही करून बघा. नाव आधीच ठेवून झालं असेल तर लगेच बदलायची गरज नसते. मधलं नाव किंवा त्याचं आद्याक्षर मध्ये घातलं की चिकटलेली अक्षरं सुटतात. नाहीतर क्रम उलटा करायचा. आमच्या ओमनं हे कुणी न सांगता शोधून काढलंय. फोन उचलला की तो म्हणतो, "महाजन बोलतोय. ओम."