न्युम्युलाइट्स आहे की दुसरंच काही? आधी फोडून बघा

कच्छच्या फील्डवरून आणलेल्या पिशवीत गोल चपटे फोरॅम (फोरॅमिनिफेरा, म्हणजे एकपेशी सागरी जीवांची जीवाश्म कवचं) दिसले की सरसकट 'न्युम्युलाइट्स' (त्यातलाच एक जीनस, म्हणजे प्रजाती) लिहून मोकळं व्हायचं, असंच चालतं बऱ्याच ठिकाणी. हरुडी फॉर्मेशनचं (कच्छमधल्या एका खडकथराचं) सॅम्पल असेल तर ते खपूनही जातं म्हणा, पण तिथल्याच नरेडी फॉर्मेशनमध्ये असिलिना आणि फुलरा लाइमस्टोनमध्ये डिस्कोसायक्लिना हे तसेच दिसणारे दुसरे फोरॅम भरपूर, तिथे हमखास फसगत होते.

आधी धुऊन, ब्रशने घासून हँडलेन्सखाली धरा. न्युम्युलाइट्समध्ये शेवटचं वेटोळं आतल्या सगळ्यांना झाकून टाकतं, त्यामुळे वर फक्त सेप्टल फिलामेंटच्या (कप्प्यांमधल्या पडद्यांच्या कडांच्या) रेषा दिसतात, मधून निघालेल्या, नागमोडी किंवा जाळीदार, आणि कधी कधी पिलरचे (कवचातल्या भरीव खांबांचे) बारीक दाणे. वेटोळी बाहेरूनच मोजता येत असतील तर असिलिना किंवा ऑपरक्युलिनाचा संशय घ्या, पण झिजलेल्या न्युम्युलाइट्सचं वरचं कवच गेलं की त्याचीही वेटोळी दिसतात हं, म्हणून नुसत्या वरच्या रूपावर जाऊ नका.

आता फोडायचं. चिमट्यात धरून स्पिरिट लॅम्पवर चांगला तापवा आणि लगेच गार पाण्यात टाका, बरेच नमुने बरोब्बर मधोमध दुभंगतात (गॉगल घालाच, कधी कधी तुकडा उडतो). नाही फुटला तर काचेवर कार्बोरंडमची पावडर (घासायची कडक पूड) आणि पाणी घेऊन घासत बसा, आणि दर थोड्या वेळाने लेन्सखाली बघा, कारण मध्य ओलांडला की पहिला कप्पा, म्हणजे प्रोलोक्युलस, गेलाच. आत घट्ट वेटोळी, वाकडे सेप्टा (कप्प्यांमधले पडदे), कडेला जाड मार्जिनल कॉर्ड (वेटोळ्याच्या बाहेरच्या कडेची पट्टी) आणि आडपडदे नसलेले साधे कप्पे दिसले तर गाडी बरोबर चाललीय. कप्प्यात आणखी छोटे कप्पे असतील तर हेटेरोस्टेजिना, वेटोळी थोडीच आणि झपाट्याने रुंदावणारी असतील तर ऑपरक्युलिना, आणि वेटोळंच नाही, नुसती चौकोनी कप्प्यांची वर्तुळात वर्तुळं दिसतायत तर डिस्कोसायक्लिना.

असिलिनाचा निकाल मात्र उभ्या छेदातच लागतो. दुसरा नमुना घ्या, कडेवर उभा धरून मध्यापर्यंत घासा. न्युम्युलाइट्सच्या प्रत्येक कप्प्याचे दोन्ही हात थेट मध्याकडे पोचलेले असतात, त्यामुळे एकात एक बसवलेले इंग्रजी व्ही दिसतात. असिलिनात कप्प्यांची पोकळी मधल्या ओळीपुरतीच, वरखाली नुसती भरीव भिंत. एकदा हे डोळ्यात बसलं की पुन्हा गोंधळ होत नाही.

एकाच थरात दोन साइजचे सापडले म्हणून लगेच दोन स्पीशीज (जाती) करू नका. मोठ्यात प्रोलोक्युलस इतका बारीक की सापडता सापडत नाही, तो बी-फॉर्म, आणि लहानात मधोमध ठसठशीत गोल कप्पा, तो ए-फॉर्म. एकाच जातीच्या दोन पिढ्या असतात त्या, जुन्या पेपरात मात्र दोघांना वेगवेगळी नावं दिलेली सापडतील, त्यामुळे जुनी यादी उतरवून घेताना जरा जपून.

जीनस ठरला की मग स्पीशीजसाठी ए-फॉर्मच्या प्रोलोक्युलसचा व्यास, वेटोळ्यागणिक सेप्टा आणि वरच्या रेषांचा पॅटर्न नोंदवायचा. कच्छमधल्याच मणियारा फोर्ट फॉर्मेशनच्या ऑलिगोसीन काळातल्या थरातला न्युम्युलाइट्स फिच्टेली जाळीवरून पटकन ओळखू येतो, पण वरच्या इओसीनमधल्या (ऑलिगोसीनच्या लगेच आधीच्या काळातल्या) न्युम्युलाइट्स फॅबियानीलाही जाळी असतेच, तेव्हा नुसत्या जाळीवरून थराचं वय ठोकून देऊ नका.