मराठी शिकवायला लागताय? आधी वर्गाची मराठी ऐका

लग्न होऊन पुण्याहून इंदूरला आले आणि रामबागेत संध्याकाळचा मराठीचा वर्ग घेऊ लागले. निम्मी मुलं इथल्याच मराठी घरांतली, बाकीचे हिंदीभाषक, नोकरीसाठी पुण्याला जाऊ घातलेले. पहिल्याच आठवड्यात मी माती खाल्ली, म्हणून हे नव्या शिक्षकांसाठी.

एका मुलीला उशीर झाला. कारण विचारलं तर म्हणाली, "ताई, मी वेळेवरच येऊन राहिली होती, पण रिक्षाच मिळेना." मला हसू फुटलं. वर ते वाक्य फळ्यावर लिहून मी 'येऊन राहिली'खाली रेघ ओढली. नागपुराकडेही असंच बोलतात, हे माहीत असूनही! तिचं घर होळकरांच्या काळापासून इथलं, आजीही हेच बोलते. पुढचे पंधरा दिवस तिने वर्गात तोंड उघडलं नाही, आणि तिच्या बाकावरच्या दोघींनीही.

आता असं काही कानावर आलं की मी वहीत टिपते आणि नंतर शेजारी 'पुण्यात येत होते म्हणतील' एवढंच लिहून देते. लाल पेन बंद.

मोठ्या विद्यार्थ्यांशी वेगळंच जपावं लागतं. शाळेतल्या सवयीने बँकेतल्या एका चाळिशीच्या गृहस्थांना मी "तू वाच" म्हटलं. 'आप' ऐकायची सवय असलेला माणूस, चेहराच उतरला त्यांचा. 'शिक्षा' म्हणजे त्यांना शिक्षण वाटतं आणि 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, तेव्हा "चेष्टा करू नका" म्हणतानाही जरा थांबा.

त्यांनीच एकदा विचारलं, "'खूप वेळ लागला', मग 'जेवायची वेळ झाली' का? 'झाला' का नाही?" मला उत्तर येत नव्हतं. "अपवाद असतात" म्हणून फळा पुसायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण "उद्या सांगते" म्हटलं आणि घरी शब्दकोश काढला. किती काळ गेला ते सांगायचं तर पुल्लिंगी, ठरलेली घटका असेल तर स्त्रीलिंगी. दुसऱ्या दिवशी चपला काढल्या काढल्या, कुणी विचारायच्या आत, सांगून टाकलं. आपण 'उद्या'वर टाकलेलं आपण विसरतो, वर्ग विसरत नाही.

मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे ताई, 'जेवायची वेळ होऊन राहिली' हे स्त्रीलिंगीच ना?"

"हो," मी म्हटलं, "स्त्रीलिंगीच."